चौदा एप्रिलची बैठक

६ मे, बुधवार

दुरुस्ती. सोमवारच्या नोंदीत मी लिहिलं होतं की माझं डॉक्युमेंटेशन या ऑफिसात कुणीही वाचत नाही. हे चूक आहे. एकाने वाचलंय, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि त्याप्रमाणे तो वागायलाही लागलाय. अडचण एवढीच की तो माणूस नाही.

नोंद पूर्ण असावी म्हणून क्रमाने लिहिते. आमच्या टूलचं नाव नेनपु, म्हणजे कन्नडमध्ये आठवण. ऑफिसातल्या सगळ्या मीटिंगची टिपणं त्यात साठतात. एजंट, म्हणजे माणसांच्या वतीने कामं उरकणारा प्रोग्राम, नेनपुला विचारतो की कुठल्या मीटिंगमध्ये काय ठरलं, आणि रोज सकाळी ज्याला त्याला त्याच्या कामाची आठवण पाठवतो. हे सगळं कसं चालतं त्याची मार्गदर्शिका लिहिणं हे माझं काम. तिच्यात एक नमुना बैठक हवी होती. ती मी लिहिली. नावं खऱ्या माणसांची घातली, कारण उदाहरण खरं वाटलं नाही तर वाचणाऱ्याचं लक्ष उडतं असं दोड्डप्पांनी शिकवलंय. (दहाव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे बाबांचे हे थोरले भाऊच. कोर्टात लघुलेखक होते. श्रुतलेखन सकाळी आणि श्रुतलेखन दुपारी.)

खबरदारी मात्र तिहेरी घेतली होती. तारीख टाकली १४ एप्रिल. त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, ऑफिसला कुलूप. गाव टाकलं शिवमोग्गा. तिथे आमची शाखा नाही, कधी नव्हती. आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, नमुना.

मजकूर असा: टेस्टिंगची नवी शाखा शिवमोग्ग्यात काढायची. प्रमुख, जलजाक्षी. सुरुवात १ जून. जलजाक्षी: मान्य.

आज सकाळी एजंटाने जलजक्काला, म्हणजे आमच्या टेस्टिंगमधल्या खऱ्या जलजाक्षीला, आठवण पाठवली. शिवमोग्गा शाखेची तयारी सुरू करणे.

उद्या आल्या आल्या सांगून टाकायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

७ मे, गुरुवार

सांगणारच होते. पण आधी कारण कळायला हवं, नाहीतर अर्धवट माहिती दिल्यासारखं होतं. म्हणून सुमुखला विचारलं. नेनपु त्यानेच बांधलंय, बसतो माझ्या शेजारी.

म्हणाला, अगं, एजंटाला टूल वापरता यावं म्हणून तुझी मार्गदर्शिका मीच नेनपुत टाकली. टिपणं, मार्गदर्शिका, सगळं एका पोत्यात. मी म्हटलं, पण वर नमुना लिहिलंय ना. तो म्हणाला, लांब मजकुराचे तुकडे करून ठेवावे लागतात. तुझा मथळा एका तुकड्यात गेला, बैठक दुसऱ्या तुकड्यात. एजंटाच्या हाताला बैठक लागली. मग हसायलाच लागला. म्हणाला, नमुना तुझा, पोतं माझं, आणि बाळ जन्मलं शिवमोग्ग्याला!

मी म्हटलं, सरांना तू सांग. तो म्हणाला, मी का? बाळंतीण तू.

शेषगिरी सर, म्हणजे आमचे मुख्य, दिवसभर बाहेर होते. घाईत फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. उद्या.

८ मे, शुक्रवार

समोरच्या दर्शिनी हॉटेलात जलजक्काबरोबर बाय-टू. रोजचंच. एक कॉफी, दोन पेले, उभ्या उभ्या. मी ठरवून गेले होते. मला खात्री होती की तीच म्हणेल, ही शिवमोग्ग्याची काय भानगड? आणि विषय तिथेच मिटेल.

ती म्हणाली, मेदिनी, एक विचारू? हसू नकोस हं. चौदा एप्रिलला मी कॉलवर होते का गं?

मी तोंड उघडलं. पण तिनेच पुढे उत्तर दिलं. असणार. सुट्टी म्हणून मी पुरणाचे होळिगे करायला घेतले होते, फोन तिथेच ओट्यावर पिठात. सर काहीतरी बोलले असतील आणि मी हां सर, हां सर केलं असेल. मी नेहमीच तसं करते. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं लक्ष नव्हतं. त्या मीटिंगचं कुणाजवळ बोलू नकोस. शपथ आहे तुला.

मी शब्द दिला. त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

आता हा नवाच पेच. त्या मीटिंगविषयी बोलणार नाही असा शब्द दिल्यावर ती मीटिंग झालीच नाही असं सांगितलं तर शब्द मोडतो की नाही? शनिवार-रविवार यावर नीट विचार करायचा. आणि सोमवारी सांगायचं.

११ मे, सोमवार

साप्ताहिक मीटिंग. मी पहिल्या रांगेत, मणक्यात काठी घातल्यासारखी. सरांनी फोनवर एजंटाची आठवण वाचली. शिवमोग्गा शाखा, प्रगती नाही. आता विचारणार, हे कुणी ठरवलं?

सर म्हणाले, बघा, यंत्राला आठवतं आणि तुम्हाला आठवत नाही. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना बसवलं होतं ते काय उगाच? मी घसा फोडून बोललो होतो!

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाला तर सर त्या दिवशी किती तापले होते तेसुद्धा आठवलं. दुसरा म्हणाला, सर, त्या दिवशी माझं नेट मधेच गेलं होतं, पण शिवमोग्गा ऐकू आलं होतं. सुमुखने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर रुमाल धरला.

क्षणभर मलाही वाटलं, झाली असेल का? नाही झाली. मी लिहिली. माझ्या टेबलावर, दहीभात खात.

इतक्या जणांना एकदम खोटं पाडणं बरं नव्हे. कुणाचाही अपमान न होता हे मिटवता येईल. मार्गदर्शिकेतून ती बैठकच काढून टाकायची. एजंटाला ती सापडणार नाही, आठवणी बंद होतील, लोक विसरतील. या ऑफिसात विसरण्याविषयी मला पूर्ण विश्वास आहे.

१२ मे, मंगळवार

काढली. नेनपुतूनही पुसून घेतली. किती सोपं होतं. उगाच जिवाला घोर लावून घेतला.

१४ मे, गुरुवार

जलजक्काला पुन्हा आठवण. शिवमोग्ग्यात जागा बघणे.

सुमुख म्हणाला, अगं, सोमवारच्या मीटिंगचं टिपण नाही का झालं? त्यात सर सहा वेळा शिवमोग्गा म्हणालेत. ती मीटिंग तर खरी आहे. आता तुझ्या नमुन्याची गरजच राहिली नाही, पोर आपल्या पायावर उभं आहे.

म्हणजे माझी चूक नेनपुतून गेली. माझ्यापुरतं पाहिलं तर मार्गदर्शिका आता निर्दोष आहे. राहिलं फक्त शिवमोग्गा.

१८ मे, सोमवार

जागा मिळाली. सरांच्या मेहुण्याचं तिथे सुपारीचं गोदाम आहे, त्याच्या वरचा मजला. सरांनी फोटो दाखवले. दोन खोल्या, तीन खिडक्या, खाली सुपारीची पोती. जलजक्काने फोटो मोठा करून पाहिला. विचारलं, सर, बाथरूम? सर म्हणाले, होईल, होईल.

मग सर म्हणाले, कुणाला काही आक्षेप असेल तर आत्ता बोला, नंतर नको.

मी हात वर केला. खरंच केला. सगळे वळून बघायला लागले. जलजक्काही. मी म्हटलं, सर, ती खिडकी बंद केली तर बरं, आवाज येतोय.

टिपणात आलंय. मेदिनी: शाखेविषयी आक्षेप नाही. खिडकी बंद करण्यात आली.

सुरुवात तरी झाली. हात वर गेला हे काही कमी नाही.

मीटिंगनंतर सरांनी थांबवलं. म्हणाले, बघ अम्मा, तुझ्या मार्गदर्शिकेमुळे एजंट माणसात आला. आधी नुसता बडबडायचा. तुझे प्रोबेशनचे सहा महिने या महिन्याअखेर संपतात ना? कन्फर्मेशन माझ्या लक्षात आहे.

याचा आणि मी न बोलण्याचा काही संबंध नाही. पुन्हा लिहिते, संबंध नाही.

२० मे, बुधवार

नवा आणि पक्का उपाय. मार्गदर्शिकेत स्वच्छ वाक्य घातलं: १४ एप्रिल रोजी कोणतीही बैठक झालेली नाही. मथळ्यात नाही, मजकुराच्या मधोमध, म्हणजे तुकडा पडला तरी वाक्य शाबूत. एजंट वाचेल आणि सरांना तोच सांगेल. सत्य कुणाच्या तोंडून जातं याला महत्त्व नाही.

दुपारी त्याला मीच विचारलं, १४ एप्रिलची बैठक झाली होती का? त्याने उत्तर दिलं, याविषयी पाच नोंदी आहेत. चार नोंदींनुसार बैठक झाली, एका नोंदीनुसार झाली नाही. झाली असे मानले आहे.

पाठोपाठ मला आठवण. मेदिनी: मार्गदर्शिकेतील विसंगत वाक्य काढणे. मुदत, आज.

सहा वाजायच्या आत काढलं. दिलेलं काम मुदतीत करायचं ही माझी सवय आहे, आणि सवयीला दोष देता येणार नाही.

२२ मे, शुक्रवार

बाय-टू. जलजक्काने कॉफी तशीच ठेवली. साय धरली.

तिच्या लेकीला, स्फूर्तीला, इथल्याच जयनगरच्या कॉलेजात अकरावी सायन्सला जागा मिळाली होती. यादीत नाव, खालून दुसरं, पण मिळाली. आता दोघी शिवमोग्ग्याला. नवरा रायचूरला, वीज केंद्रात पाळ्यांवर, त्याच्याकडे मुलीला ठेवण्यात अर्थ नाही. जलजक्का म्हणाली, भांडली असती तर बरं वाटलं असतं गं. भांडत नाही. जेवते, ताट उचलते, दार लावून घेते.

मी विचारलं, जागा सोडायची मुदत कधी? ती म्हणाली, पुढच्या शनिवारी, तीस तारखेला दुपारपर्यंत. अर्ज दिला की यादीतल्या पुढच्याला जाते, मग देव आला तरी परत नाही.

म्हणजे तीस तारखेपर्यंत काहीही बिघडलेलं नाही. आठवडा आहे. सगळं परत फिरवता येण्यासारखं आहे. आज प्रथमच मुदत निश्चित कळल्यामुळे डोकं शांत झालं.

२३ मे, शनिवार

दोड्डप्पांना आडून विचारलं. कोर्टात साक्ष लिहिताना तुमच्या हातून न बोललेलं वाक्य लिहिलं गेलं तर काय करायचात? ते अक्की रोटी मोडता मोडता थांबले. म्हणाले, पुट्टी, न्यायाधीश खुर्चीतून उठायच्या आत उभं राहायचं आणि सांगायचं. ते उठले की ते वाक्य साक्षीदाराचं झालं. मग तो बिचारा घसा सुकेपर्यंत ओरडला तरी उपयोग नाही.

मग माझ्याकडे बघत बसले. विचारलं, कुणाची साक्ष? मी म्हटलं, उदाहरण म्हणून विचारलं. ते म्हणाले, तुझ्या उदाहरणाच्या तोंडावरचा रंग उतरलाय.

न्यायाधीश अजून उठलेले नाहीत. तीसला उठतील.

२६ मे, मंगळवार

निवेदन लिहून काढलं. चार परिच्छेद. तोंडी बोलताना काही सुटायला नको. सुमुखला वाचायला दिलं. तो म्हणाला, ही कबुली आहे की मार्गदर्शिका? आवश्यक पूर्वतयारी हा मथळा कशाला? आणि ज्ञात मर्यादा? मी म्हटलं, वाचणाऱ्याला सोयीचं पडतं.

एकदम त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, मेदिनी, थट्टा पुरे. तू एक वाक्य बोल. मी तुझ्याबरोबर येतो, पोतं माझं होतं हेही सांगतो. आत्ता चल.

तो इतका गंभीर झालेला मी पाहिला नव्हता. मी म्हटलं, दुसरा परिच्छेद अजून पक्का नाही.

तो कानांत इयरफोन घालून वळून बसला. लोकांना धीर कमी असतो.

२८ मे, गुरुवार

सांगितलं!

सरांच्या केबिनमध्ये गेले. एकटी गेले. बसले नाही, उभी राहूनच बोलले. म्हटलं, सर, १४ एप्रिलच्या बैठकीच्या नोंदीत काही त्रुटी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

सर म्हणाले, असणारच गं. सुट्टीचा दिवस, कुणाचं लक्ष होतं? पण मुख्य मुद्दा तर आला ना त्यात, मग झालं. आणि हसून म्हणाले, इतकं बारीक बघणारी माणसं हवीत मला. कन्फर्मेशनचं पत्र टाइप झालंय.

मी थांबले. ते फोनवर बोलायला लागले, मेहुण्याशी, बाथरूमच्या टाइल्सविषयी. आणखी थोडी थांबले. मग बाहेर आले.

मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी त्याचा अर्थ काय घ्यायचा तो त्यांचा प्रश्न आहे. तरीपण उद्या जलजक्काला स्वतंत्रपणे सांगायचं. शब्द मोडला तरी चालेल असं मी ठरवलंय. मोठा निर्णय आहे, पण घेतला.

२९ मे, शुक्रवार

जलजक्का रजेवर. सामान बांधतेय. फोन केला, तिने उचलला, मागून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज. म्हणाली, बोल गं. मी म्हटलं, काही नाही, सहजच. ती म्हणाली, बरं झालं फोन केलास, उद्या सकाळी मोकळी आहेस? कॉलेजात येशील माझ्याबरोबर?

समोरासमोरच बोलायला हवं. योग आपोआप आला.

३० मे, शनिवार

कॉलेजच्या ऑफिसबाहेर लाकडी बाक. स्फूर्ती मांडीवर दप्तर घेऊन बसलेली, समोरच्या फलकावरची यादी वाचत. त्यात तिचं नाव आहे. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत असणार, कारण डोळे हलत नव्हते.

जलजक्का म्हणाली, तुझं लिखाण नेटकं. प्राचार्यांना अर्ज लिहून दे. मी तीनदा बसले लिहायला, हातच चालत नाही.

मी पेन घेतलं. ती शेजारी बसून पदराने चष्मा पुसत राहिली. म्हणाली, परवापर्यंत ठरवलं होतं की नाही म्हणून सांगायचं. नोकरी गेली तर गेली. पण मेदिनी, मी हो म्हटल्याचं लिहून ठेवलंय ना त्यात. मान्य. सगळ्यांसमोर एकदा हो म्हणायचं आणि आता पोरीचं कारण काढायचं, कसं दिसतं ते? स्फूर्तीलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, तू मला न विचारता हो कसं म्हणालीस, अम्मा?

मी म्हटलं, जलजक्का.

ती म्हणाली, काय गं?

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते. बारापर्यंत मुदत. मला सगळी वाक्यं पाठ होती, चारही परिच्छेद. स्फूर्तीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, थेट. जणू मी काहीतरी बोलणार हे तिला कळलं होतं.

मी म्हटलं, कारण काय लिहू?

जलजक्का म्हणाली, लिही, आईची बदली. मग म्हणाली, स्वखुशीने, असंही लिही. उगाच कुणाला शंका नको.

लिहिलं. खिडकीतल्या बाबूने वाचून मान हलवली. म्हणाला, असा स्वच्छ अर्ज यावा, नाहीतर पोरं काय काय खरडून आणतात. पट्टी ठेवून स्फूर्तीच्या नावावर रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं. मागच्या बाकावरून एक गृहस्थ मुलाची फाइल छातीशी धरून पळतच आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे कुणाचं तरी भलंच झालं.

अर्जात एकही खाडाखोड नव्हती.

३१ मे, रविवार

स्टेशनवर गेले. शिवमोग्ग्याची सकाळची गाडी. सुमुख आला नाही. दोन बॅगा, एक कुकर, पुस्तकांचं खोकं. स्फूर्ती खिडकीशी, पलीकडच्या रुळांकडे तोंड करून.

गाडी सुटायच्या आधी जलजक्का दारात आली. माझा हात धरला. म्हणाली, एक खरं सांग. त्या दिवशी कॉलवर तूही असशील. मी हो म्हटलं ते कसं म्हटलं गं? मनापासून, की नुसतं आपलं हां सर, हां सर?

शिट्टी झाली होती. चार परिच्छेदांना वेळच नव्हता.

मी म्हटलं, मनापासून म्हणालीस, अक्का. मला स्पष्ट ऐकू आलं.

तिचा चेहरा निवळला. म्हणाली, मग ठीक आहे. आणि गाडी हलली.

कुणाला धीर येईल असं बोलणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. शिवाय आता घाई उरलेली नाही, त्यामुळे सगळं शांतपणे, पुराव्यासकट, नीट मांडता येईल. आज दुसरा परिच्छेद पक्का केला. उद्या सोमवार, सर उद्घाटनासाठी शिवमोग्ग्याला. मंगळवारी परततील, पण दमलेले असतील, आणि दमलेल्या माणसापुढे असा विषय काढणं योग्य नाही.

बुधवार, ३ जून, सकाळी दहा वाजता.